चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी: आधी मागची बाजू वाचा

छापाकाटा

झिजलेल्या नाण्याचा फोटो टाकून 'हा राजा कोण?' असा प्रश्न या मंचावर दर आठवड्याला येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पुढे भर घालायला जाणकार आहेतच.

इ.स. ३०० ते ४०० मधली छोटी तांब्या-कांस्याची नाणी आज सगळ्यांत जास्त मिळतात आणि त्यांतलं नव्वद टक्के काम चेहऱ्याकडे न बघता होतं. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांचे चेहरे टांकसाळींनी एकाच घडणीतले काढलेत, त्यामुळे नाक-हनुवटी बघत बसण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूचं तसं नाही. तिथली चित्रं मोजकी आणि एकेक चित्र ठरावीक वर्षांतच पाडलेलं. चित्र ओळखलंत की तारीख पाच-दहा वर्षांच्या टप्प्यात येते. मग राजे उरतात दोन-तीन, आणि त्यांतला एक निवडायला अर्धवट दिसणारी चार अक्षरंही पुरतात.

क्रम असा ठेवा: व्यास, वजन, मागचं चित्र, चित्राखालच्या आडव्या रेघेखालची अक्षरं (पुढे हिला 'तळपट्टी' म्हणतो), आणि सगळ्यांत शेवटी राजा. वजनाला सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा हवा, स्वयंपाकघरातला नको. १.५ आणि २.५ ग्रॅम हा फरक इथे निर्णायक असतो.

आता चित्रं.

साधारण १० ग्रॅमचं, २७-२९ मिमीचं मोठं नाणं, मागे उभा पुरुष, डोक्यावर धान्याचं माप, हातात पसरट वाटी आणि समृद्धीचं शिंग: हा रोमन जनतेचा रक्षक देव, 'गेनियो पोपुली रोमानी'. सम्राट डायोक्लेशनने २९४ च्या सुमारास नाणेपद्धती बदलली तेव्हाचा. हेच नाणं पुढे हलकं हलकं होत गेलं, त्यामुळे चित्र तेच पण वजन ६-७ ग्रॅम असेल तर ३०७ च्या आसपासचं समजा.

१८-२० मिमी, ३ ग्रॅमच्या आगेमागे, उघड्या अंगाचा सूर्यदेव, उजवा हात वर, डाव्या हातात गोळा: 'सोली इन्विक्तो कोमिती', ३१० नंतरचं दशक. दोन पंखवाल्या विजयदेवता वेदीवर ढाल धरून उभ्या: ३१८-३२०. विटांची इमारत, वर दोन बुरूज, मध्ये तारा: ३२४-३३०. दोन सैनिक, मध्ये ध्वजदंड: ३३० पासून. भाल्याने घोडेस्वाराला खाली पाडणारा सैनिक: ३४८ नंतर.

विटांच्या इमारतीवर एक फार सोयीची खूण आहे. मागच्या मजकुराचा शेवट बघा. दोन 'जी' असतील, म्हणजे 'प्रोविदेन्तिए आउग्ग', तर पुढे सम्राट. शेवटी दोन 'एस', म्हणजे 'केस्स', असेल तर पुढे युवराज. चेहरा पार सपाट झाला तरी बाप की मुलगा हे मागून कळतं. आणि कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस, त्याचं नाणं ३२६ नंतरचं असूच शकत नाही, कारण त्या वर्षी बापानेच त्याला मारलं.

भिंगवाला

उत्तम धागा. बुरुजांबद्दल थोडी भर. दोनच्या जागी तीन बुरूज दिसले तर हेराक्लिया टांकसाळ आधी तपासा, तिथल्या काही नाण्यांवर तीन आहेत. विटांचे थर मोजायची सवयही लावून घ्या, सूचीत प्रकार त्यावरून वेगळे केलेले असतात. इमारतीला छावणीचं दार म्हणायची रीत आहे, पण बुरुजांवरचे गोळे इशाऱ्याच्या जाळाचे असावेत आणि ही सीमेवरची टेहळणीची चौकी असावी, असंही मत आहे. मला ते जास्त पटतं.

छापाकाटा

मलाही. 'सम्राटांची दूरदृष्टी' या मजकुराशी टेहळणी चांगली बसते.

सैनिकांच्या नाण्याबद्दल वर घाईत लिहिलं, ते नीट सांगतो, कारण सगळ्यांत जास्त हेच हाती येतं. 'ग्लोरिया एक्झर्किटुस', सैन्याचा गौरव. ३३० पासून सैनिक दोन आणि मध्ये ध्वजदंडही दोन, वजन २.५ ग्रॅमच्या आसपास, व्यास १७-१८ मिमी. ३३५-३३६ च्या सुमारास नाणं लहान केलं, १५-१६ मिमी आणि दीड ग्रॅमच्या जवळपास. जागा उरली नाही म्हणून दंड एकच ठेवला. म्हणजे मधल्या काठ्या मोजल्या की तारीख निम्मी ठरली. काठ्या पुसल्या असतील तर वजन बघा, आणि तेही संशयास्पद असेल तर दोन सैनिकांमधलं अंतर बघा. एका दंडाच्या नाण्यात ते अगदी लगटून उभे असतात.

याच काळात दोन नाणी अशी आली की ज्यांवर राजाचं नावच नाही. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवता, मागे लांडगी आणि जुळी मुलं, वर दोन तारे. दुसऱ्यावर तशीच शिरस्त्राणधारी कॉन्स्टँटिनोपल शहराची देवता, मागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता, हाती भाला-ढाल. ११ मे ३३० ला नव्या राजधानीचं लोकार्पण झालं, त्याच सुमाराची ही जोडी. जुनं शहर आणि नवं शहर एकाच मापाच्या नाण्यावर शेजारी बसवणं हे त्या वेळच्या राजकारणातलं सरळ विधान होतं, आणि ते खिशाखिशात पोचवलं.

कासारआळी

लांडगी झिजली की लोक तिला बैल समजतात आणि 'ज्युलियनचं दुर्मीळ नाणं' म्हणून किंमत लावतात. सम्राट ज्युलियनचं बैलवालं नाणं (३६१-३६३) २६-२८ मिमीचं, आठ-नऊ ग्रॅमचं दणदणीत नाणं आहे. १७ मिमीवर बैल दिसला की ती लांडगी. तिचं डोकं मागे वळलेलं असतं, पोटाखाली दोन बारीक गुठळ्या दिसतात, ती मुलं.

वाचनमात्र

मी ग्रंथालयातला माणूस, नाण्यांतला नाही. एक शंका: एवढी सगळी चित्रं कोणासाठी? वाचता न येणाऱ्यांसाठी?

कासारआळी

अंशतः. पण चित्रंही शिकावीच लागत होती, कारण देवतांचे चेहरे सारखेच आणि ओळख फक्त हातातल्या वस्तूंवरून. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मोठ्या नाण्यांवर हा सगळा संसार भरलेला आहे. तराजू आणि शिंग असेल तर न्याय्य माप किंवा टांकसाळीची देवता. सुकाणू आणि शिंग असेल तर भाग्यदेवता. वाटीतून सापाला खाऊ घालणारी आरोग्यदेवता. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ उचललेला असेल तर आशा. टोकदार टोपी हातात असेल तर स्वातंत्र्य, ती टोपी मुक्त केलेल्या गुलामाची. खांबाला टेकून आरामात उभी असेल तर सुरक्षितता. कणसं, धान्याचं माप आणि बाजूला जहाजाची नाळ असेल तर रोमचा धान्यपुरवठा. शेवटचीची नाणी निघायची ती धान्याच्या जहाजांवर शहर अवलंबून होतं म्हणून, सम्राटाला ते लोकांना आठवून द्यायचं असायचं.

मोठी पितळी नाणी, ज्यांना सेस्टर्स म्हणतात, त्यांवर तर इमारतीच आहेत. टायटसच्या ८० सालच्या नाण्यावर कलोसिअम वरून बघितल्यासारखं काढलंय, आतली गर्दी ठिपक्यांनी, डावीकडे कारंजं. नीरोच्या नाण्यावर ओस्तियाचं बंदर, त्यात जहाजं, आणि जहाजांची संख्या साच्यासाच्यागणिक वेगळी. व्हेस्पेशियनच्या ७१ सालच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली ज्यूडिया (ज्यूंचा प्रांत), दुसऱ्या बाजूला सम्राट किंवा हात बांधलेला कैदी. हरलेल्या प्रांताचं दुःख विजेत्याच्या पैशावर कोरायचं, हे रोमनांना अजिबात खटकलं नाही.

तांबट

धातूबद्दल लिहितो, कारण कासारआळी यांनी 'पितळी' म्हटलं ते अगदी अचूक आहे आणि बहुतेक लेखांत सरसकट 'कांस्य' लिहिलेलं असतं.

ऑगस्टसने इ.स.पू. २३ च्या सुमारास घडी बसवली ती अशी: एका चांदीच्या दिनारला ४ सेस्टर्स, ८ दुपोंदिउस, १६ आस, ६४ क्वाद्रान्स. यांतली पहिली दोन पितळेची, शेवटची दोन तांब्याची. सेस्टर्स साधारण २५-२७ ग्रॅम, दुपोंदिउस १२-१४, आस १०-११. म्हणजे दुप्पट किमतीचं दुपोंदिउस आणि आस आकाराने जवळजवळ सारखीच. नीरोने यावर उपाय म्हणून दुपोंदिउसवर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट चढवला आणि पुढे तीच रीत पडली. चेहरा ओळखू येत नसेल तरी डोक्यावर काटे आहेत की पानं, एवढं बघितलं की काम झालं.

पण राण्यांच्या नाण्यांवर हा मुकुट नसतो. तिथे धातूच बघावा लागतो. झिजलेल्या उंचवट्यावर पिवळी झाक असेल तर दुपोंदिउस, लालसर असेल तर आस. आधीच उघडं पडलेलं ठिकाण शोधा, त्यासाठी कानशीने कड घासू नका. असं घासलेली नाणी बाजारात रोज दिसतात आणि त्यांची किंमत तिथेच निम्मी होते.

सेस्टर्सचं पितळ जस्ताच्या खनिजासोबत तांबं बंद मुशीत तापवून करत. जस्त ९०७ अंशांवर उकळून वाफ होतं, त्यामुळे जुनी नाणी वितळवून नवी पाडली की दर फेरीला जस्त उडून जातं. म्हणून सुरुवातीचं पिवळंधमक पितळ दुसऱ्या शतकाअखेरपर्यंत फिकट पडत गेलं आणि तिसऱ्या शतकात पितळ म्हणावं असं काही उरलं नाही.

मांडवीकाठ

इथले लोक जाणकार आहेत म्हणून विचारतो. पणजीत राहतो. सूर्यदेवाचं एक नाणं आहे, गडद हिरवं, छान. पण जून लागला की चेहऱ्याच्या कानाजवळ फिकट हिरवी भुकटी येते, पुसली की परत येते. ही साधी कळकण आहे की काही गंभीर?

तांबट

गंभीर आहे. आजच वेगळं काढा.

स्थिर हिरवा थर कठीण असतो, चकाकतो, टूथपिकने टोचला तर खरवडत नाही. तुमची भुकटी फिकट पोपटी, मऊ, टोचली की पिठासारखी गळते. जमिनीतलं मीठ तांब्याशी मिळून आत क्युप्रस क्लोराइडचा थर धरून बसलेलं असतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते फुगून ही भुकटी होते, त्यात आम्लही सुटतं, ते पुढचं तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर गेली की धोका सुरू. गोवा, कोकण, मुंबईत पावसाळ्यात ती ८०-९० असते. म्हणून युरोपातल्या संग्राहकाचं जे नाणं पन्नास वर्षं गप्प बसलं ते इथे पहिल्याच पावसात उठतं.

काय करायचं:

भुकटी भिंगाखाली, जमल्यास १०-२० पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, बांबूच्या टोकाने खणून काढा. खड्डा पडेल, पडू द्या. भुकटी वर ठेवून रसायनात बुडवलं तर रसायन आत पोचतच नाही.

मग सोडियम सेस्क्विकार्बोनेट ५ टक्के. वेगळं मिळत नसेल तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा २८ ग्रॅम आणि खायचा सोडा २२ ग्रॅम. धुण्याचा सोडा खड्यांचा, पाणी धरलेला असेल तर तो अडीचपटीहून थोडा जास्त लागतो, म्हणजे ७५ ग्रॅमच्या जवळपास. पाणी आठवड्याला बदला. महिना लागतो, कधी तीन. याने हिरव्या थराचा रंग थोडा बदलू शकतो, हे आधी मान्य करूनच सुरू करा.

नंतर डिस्टिल्ड पाण्यात आठवडाभर, रोज पाणी बदलत. बॅटरीत घालायचं पाणी चालतं. नळाचं नको, त्यात क्लोरीन, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचं तर बिलकुल नको. फिल्टरचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे.

पूर्ण वाळवा, मग १०० मिलि इथेनॉलमध्ये ३ ग्रॅम बेन्झोट्रायझोल (तांब्याचा गंज रोखणारं रसायन), त्यात २४ तास. हे रसायन विषारी आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघरात करू नका. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

मांडवीकाठ

शेजारच्या नाण्यांना लागण होते का?

तांबट

जंतूंसारखी होत नाही. पण डबा तोच, ओलावा तोच, त्यामुळे ज्यांच्यात मीठ आहे ती सगळी एकदम उठतात, आणि बघणाऱ्याला लागणच वाटते. खरं औषध डबाच आहे. घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा, आत आर्द्रतामापक, आणि रंग बदलणारं सिलिका जेल. निळ्यापेक्षा नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पुन्हा सुकवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं आजच फेका, त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. तो आला असेल तर शुद्ध अॅसिटोनने निघतो.

भिंगवाला

साफ करण्याबद्दलही बोलाच. ऑलिव्ह तेलात सहा महिने बुडवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

तांबट

तेलाच्या मी विरोधात आहे. तेलातली मेदाम्लं हळूहळू थर विरघळवतात, माती मऊ होते ती त्यामुळेच, पण ती मातीपाशी थांबत नाहीत. शिवाय तेल छिद्रांत बसतं आणि नंतर क्लोराइड काढायचं झालं तर पाणी आत जात नाही. डिस्टिल्ड पाणी, सुरुवातीला रोज बदलायचं, नंतर तीन-चार दिवसांनी, आणि मधूनमधून बांबूची टोकं. वेळ लागतो, धोका नाही.

छापाकाटा

तेलाबद्दल मी इतका कडक नाही. कडक मातीच्या गोळ्याला कधीकधी पाण्याने काहीच होत नाही आणि तेलाने होतं. पण चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळेची भांडी घासायची पावडर यांवर मात्र दुमत नको. रोमन नाण्याचे बारीक तपशील बऱ्याचदा धातूत उरलेलेच नसतात, ते हिरव्या थरात उरलेले असतात. धातू खाली गेला, आकार थरात राहिला. आम्लाने थर गेला की लाल, खडबडीत, कोरी चकती हातात येते. विजेवर साफ करायच्या युक्तीनेही तेच होतं, फक्त मिनिटांत होतं.

म्हणून वाचन आधी, सफाई नंतर. मातीसकट नाण्यावर बाजूने प्रकाश टाकलात तर अर्धी अक्षरं तशीच दिसतात. ओळख पटली तर बहुतेक वेळा सफाईची गरजच उरत नाही.

भिंगवाला

मग आता एक खरंखुरं उदाहरण सोडवू. नाणं समोर आहे. १५.५ मिमी, १.४८ ग्रॅम. मागे दोन उभ्या आकृत्या भाल्यांसह, मध्ये एकच काठी. तळपट्टीत एस, एम, ए, एन, त्यानंतर वर आडवी दांडी असलेला कोन. पुढे उजवीकडे बघणारं डोकं, अक्षरं फक्त '...टी-आय-व्ही-एस...', आणि नंतर काही दिसत नाही.

छापाकाटा

एक काठी आणि दीड ग्रॅम म्हणजे ३३५-३३६ नंतरचं. तळपट्टीत एस-एम-ए-एन म्हणजे अँटिऑकची टांकसाळ, तुमचा कोन म्हणजे ग्रीक गॅमा, त्या टांकसाळीतला तिसरा कारखाना. पूर्वेकडच्या टांकसाळी कारखान्याचा क्रम ग्रीक अक्षरांनी देतात, पश्चिमेकडच्या बहुधा लॅटिन पी, एस, टी, क्यू अशा अक्षरांनी.

नावात 'टी-आय-व्ही-एस' आहे, 'टी-आय-एन-व्ही-एस' नाही. तिथे 'एन' नसेल तर कॉन्स्टँटिअस, असेल तर कॉन्स्टंटाइन. सगळा खेळ त्या एका अक्षराचा. मधली जागा नीट बघून सांगा, आणि डोक्यावर काय आहे तेही.

भिंगवाला

'एन' नाही, खात्रीने. डोक्यावर ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी, मागे गाठीची दोन टोकं.

छापाकाटा

मोत्यांचा पट्टा. कॉन्स्टंटाइनने ३२४ नंतर तो घ्यायला सुरुवात केली आणि सर्वसाधारणपणे तो सम्राटाचा, युवराजांना पानांचा मुकुट. म्हणजे कॉन्स्टंटाइनचा मुलगा, दुसरा कॉन्स्टँटिअस, सम्राट म्हणून. बाप २२ मे ३३७ ला गेला, मुलं ९ सप्टेंबर ३३७ ला सम्राट झाली, तेव्हा नाणं त्यानंतरचं. मजकुराच्या शेवटी 'ए-व्ही-जी' (सम्राटाची पदवी) असणार. 'एन-ओ-बी' आणि 'सी' (युवराजाची पदवी) सापडलं तर मात्र माझं म्हणणं चुकीचं आणि नाणं ३३७ च्या आधीचं. बाजूने प्रकाश टाकून उजवी कड बघा.

भिंगवाला

'व्ही-जी' दिसतंय. झालं काम. ३३७ नंतर, दुसरा कॉन्स्टँटिअस, अँटिऑक.

लीड्सकर

टांकसाळींच्या खुणांत एक सापळा आहे. 'सी-ओ-एन-एस' दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणतात. पण फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव ३२८ मध्ये कॉन्स्टँटिना ठेवलं आणि तिथली खूणही 'कॉन्स्ट' झाली. कारखान्याचं अक्षर कुठे आहे ते बघा. आधी लॅटिन पी किंवा एस असेल तर आर्ल. शेवटी ग्रीक ए, बी असेल तर कॉन्स्टँटिनोपल. बाकी टी-आर म्हणजे ट्रिअर, पी-एल-जी म्हणजे लिओं, एस-आय-एस म्हणजे क्रोएशियातलं सिसाक, एस-एम-के म्हणजे किझिकस, एस-एम-एन म्हणजे निकोमेडिया. लंडनची टांकसाळ ३२५ ला बंद झाली, म्हणून पी-एल-एन असलेलं दोन सैनिकांचं नाणं कोणी विकत असेल तर पुढे जा.

घोडेस्वार पाडणाऱ्या नाण्याची (मजकूर 'फेल तेम्प रेपारात्सिओ', सुखाचे दिवस परतले) इथे ब्रिटनमध्ये आणि गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) खूप स्थानिक नक्कल झाली, विशेषतः ३५० च्या दशकात. व्यास १२ मिमीच्या खाली, घोडा म्हणजे चार रेघा, मजकूर म्हणजे नुसत्या उभ्या दांड्या. ही आजची बनावट नव्हे, त्या काळातली आहेत, आणि संग्रहात त्यांना स्वतंत्र मान आहे. अधिकृत नाण्यांचा तुटवडा पडला की लोक स्वतः पाडत, असा त्याचा साधा अर्थ.

जुनं बाड

आजच्या बनावटीबद्दल मी लिहितो.

ओतीव नकलांची खूण म्हणजे मऊपणा. अक्षरांच्या कडा गोलाकार, आणि सपाट जागेत भिंगाखाली गोल छिद्रं, ती हवेच्या बुडबुड्यांची. जमिनीतल्या गंजाने पडलेले खड्डे वेडेवाकडे असतात, गोल नसतात. कडेवर जोडाची रेघ, किंवा ती लपवायला मारलेली कानस. खात्रीची कसोटी मात्र तुलनेची: दोन नाण्यांचा ठसा सारखा असू शकतो, साचा एकच असतो. पण तोच ओरखडा, तोच तुटका काठ, केंद्रापासून तेवढंच सरकणं दोन्हींत असेल तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली.

फक्त वजनावर विसंबू नका. तांब्या-पितळेची नाणी एका पौंडात किती पाडायची एवढाच हिशेब होता, एकेक नाणं काट्यावर तोललेलं नसे. २१ ग्रॅमचा सेस्टर्सही खरा असू शकतो.

मोठ्या नाण्यांत खरा त्रास बनावटीचा नाही, कोरून 'सुधारलेल्या' नाण्यांचा आहे. खरं पण झिजलेलं नाणं घेतात, केस नव्याने कोरतात, सपाट जागा तासून खाली नेतात म्हणजे अक्षरं उठून दिसतात. बघायचं ते हे: केसांच्या रेघा धारदार आणि कान मात्र झिजलेला, असं कधीच होत नाही. अक्षराभोवती जमीन खोलगट असेल तरी संशय घ्या. वरून रंग चढवलेला असेल तर अॅसिटोनच्या कापसाला तो लागतो.

आणि पादुआचा जुवान्नी दा काविनो विसरू नका. सोळाव्या शतकात त्याने सेस्टर्सच्या धर्तीवर सुंदर पदकं पाडली. ती फारच गोल, अक्षरं एकसारखी, चेहरा मूळ रोमनपेक्षा देखणा. आज त्यांना स्वतःची किंमत आहे, पण रोमन म्हणून नव्हे.

वाचनमात्र

मग ही नाणी आपल्याकडे का सापडत नाहीत? रोमशी व्यापार तर मोठा होता.

कासारआळी

सापडतात, पण महाराष्ट्रात नाहीत म्हणण्याइतकी कमी. पहिल्या शतकात इकडे आलं ते सोनं आणि चांदी, मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसचे दिनार. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दर वर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तो आकडा हिशेबाच्या एककातला आहे, जहाजात सेस्टर्स भरून येत नव्हते. पितळी नाण्याची किंमत रोमन राज्याच्या शब्दावर होती, धातूत नव्हती, मग भरुकच्छच्या (आजच्या भरूचच्या) व्यापाऱ्याने ते का घ्यावं? दख्खनात तेर आणि कोंडापूरला रोमन नाण्यांवरून उठवलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, त्याही चांदीच्या नाण्यांच्या नकला आणि भोक पाडून गळ्यात घालायच्या.

चौथ्या-पाचव्या शतकात चित्र उलटतं. तामिळनाडूत, विशेषतः करूर आणि मदुराईच्या परिसरात, आणि श्रीलंकेत याच धाग्यातली छोटी तांब्याची नाणी भरपूर निघाली आहेत. झिजून अगदी गुळगुळीत, म्हणजे तिथे ती हातोहात फिरत होती. श्रीलंकेत त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या.

लीड्सकर

कायद्याचंही सांगून ठेवा कोणीतरी. इथे इंग्लंडमध्ये एकाच जागी तांब्यासारख्या साध्या धातूची १० किंवा जास्त प्राचीन नाणी मिळाली तर १९९६ च्या कायद्याने १४ दिवसांत कळवावं लागतं.

जुनं बाड

भारतात जमिनीतून निघालेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा लागू, किंमत १० रुपयांवर असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून घेतलेल्या नाण्याची पावती आणि आयातीचे कागद डब्यातच ठेवा, नाण्याच्या नंबरासकट.

मांडवीकाठ

तांबट, सोड्यात टाकलं आहे. पाणी पहिल्याच आठवड्यात निळसर झालं. बिघडलं का?

तांबट

नाही, थोडं तांबं विरघळतं, निळसर झाक येणारच. गडद निळं होत गेलं तर थर जास्त जातोय, मग द्रावण निम्म्या ताकदीचं करा, २.५ टक्के. मीठ निघणं थांबलं का ते बघायला बदललेल्या पाण्याचे काही थेंब काचेवर घ्या, फेस थांबेपर्यंत सौम्य नायट्रिक आम्ल घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. दुधाळ झालं तर क्लोराइड अजून निघतंय. दोन बदल ओळीने स्वच्छ राहिले की मग बाहेर काढा. सिल्व्हर नायट्रेट टाकायच्या आधी आम्लाने सोडा मारला नाही तर सोड्यामुळेच साका येतो आणि कसोटी फसते.